भंडारा उचलल्यानंतर

“शेरडं परक्या हातचं पाणी पीत न्हाईत, अन् मी हितं पंख्याखाली बसलेय, जिवाला काय झालं नसताना,” हरणाबाई पुटपुटली. ते कुणाला उद्देशून नव्हतंच. पण दवाखान्यातलं बाकडं आखूड, त्यावर माणसं दाटीनं बसलेली, त्यामुळं सासूचं पुटपुटणं मिसरीच्या वासासकट थेट सत्यभामेच्या कानात उतरत होतं. सत्यभामेनं हुंकार भरला. हरणाबाईच्या पलीकडं, भिंतीला टेकून, रामकिसन बसला होता. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा, आणि रविवारपासून दोघींचा कैदी. हरणाबाईनं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. बाजारात नवीन घेतलेल्या बोकडाचा कान धरावा तसं, प्रेमानं आणि सुटू न देता. मनगटापुढचा हात मात्र तिच्या ताब्यात नव्हता. तो आपापला थरथरत होता.

सुरुवात बशीपासून झाली होती. आज सकाळी सत्यभामा ओट्याकडं तोंड करून भाकरी थापत होती, आणि मागं बशी वाजायला लागली. बशी वाजणं म्हणजे काय एवढं! पण त्या घरातले सगळे आवाज तिला पाठ होते. कुलपात किल्ली पहिल्या दणक्यात बसली की आज कमी, दोनदा घसरली की जास्त. चपला एकमेकींशेजारी निघाल्या की जेवण होणार, एक उंबऱ्यात आणि एक न्हाणीच्या दारात असली की ताट झाकून ठेवायचं. ह्या आवाजांत बशीचा आवाज नव्हता. ती वळली, तर रामकिसन हातातल्या बशीकडं बघत होता. चहा चटईवर सांडत होता आणि तो बशी खाली ठेवत नव्हता, जणू ती दुसऱ्याच्या घरची होती. “सत्यभामा,” तो म्हणाला, “माझ्या हाताला काय झालं गं?” तो आवाज तिनं लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. शाळेच्या फाटकापाशी एकटंच राहिलेल्या पोराचा आवाज होता तो. तव्यावरची भाकरी तिनं तशीच करपू दिली. बीपी तपासून येऊ, असं सासूला सांगितलं आणि बसस्थानकामागच्या औषधांच्या दुकानावरचा जिना चढताना तोंडाला स्कार्फ बांधला. कारण वरच्या पाटीवर ‘मनोविकार’ असं लिहिलं होतं, आणि धाराशिव काही फार मोठं गाव नाही. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, एवढा एक फायदा.

रविवारी ती तिघं लोहाऱ्याकडच्या गावी होती. रामकिसनच्या कचेरीतून साहेबांनी त्याला घरी पाठवलं होतं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत टेबलावर डोकं ठेवून झोपलेला सापडला म्हणून नव्हे, ते नेहमीचं होतं. मंत्री येणार होते, आणि त्या दिवशी डोकं उचलायला सांगितल्यावर त्यानं उचललं नाही, म्हणून. “एवढा एकदा सुटून ये रामकिसन, मग बघतो,” साहेब म्हणाले होते. सुटण्याचा एकच रस्ता ह्या घराला माहीत होता. हरणाबाईनं देव्हाऱ्यातला खंडोबा घासून पुसून पाटावर बसवला, पुढं भंडाऱ्याची वाटी ठेवली. “उचल,” ती म्हणाली. “म्हण, नशेची कुठलीबी वस्तू तोंडाला लावणार न्हाय. अन् लेकीच्या डोक्यावर हात ठिव.” लेक तर लातूरला, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासाला, वसतिगृहात. आता काय करायचं, यावर देव्हाऱ्यापुढं थोडा वेळ खल झाला. शेवटी सत्यभामेनंच व्हिडिओ कॉल लावला. वैष्णवी केस धुऊन टॉवेल गुंडाळून बसलेली. “आजी, टॉवेलवरून चालतंय का?” तिनं विचारलं. “काढ त्यो टावेल, देवाफुडं हायस,” आजी म्हणाली. रामकिसननं पिवळ्या हळदीनं माखलेला पंजा मोबाइलच्या काचेवर ठेवला. पोरीचं डोकं त्याच्या हाताखाली झाकून गेलं, आणि काचेखालून तिचा आवाज आला, “पप्पा, आता तुम्ही सोडली नाही तर मी नापास. म्हणजे माझा अभ्यास तुमच्याकडं.” सगळी हसली. रामकिसन हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. तेव्हा सत्यभामेला वाटलं होतं, हा माणूस ह्या वेळी खरंच मनापासून करतोय, आणि तिला आनंद व्हायला हवा होता तिथं ती नुसती काचेवरची हळद पदरानं पुसत राहिली. खोटं खोटं सोडणाऱ्या माणसाबरोबर कसं राहायचं ते तिला येत होतं. खरं सोडणाऱ्याबरोबर कसं राहतात?

मग फोन सुरू झाले. चुलत्यांचे, मावसभावांचे, भावकीतल्या ज्या बाया दिवाळीलाही विचारत नाहीत त्यांचे. “बापाचं रक्त हाय, बापावाणी सुटंल,” प्रत्येकाचं हेच. बाप म्हणजे गुंडाप्पा. सत्यभामेनं सासऱ्याला पाहिलं नव्हतं, पण ऐकलं एवढं होतं की एखादेवेळी तिला वाटायचं, हा माणूस आपल्याला पाहायला आलेल्यांत होता. गुंडाप्पा शेरडं राखायचे, शिंदी प्यायचे, पुढं शिंदी मिळेनाशी झाल्यावर हातभट्टी. रानात, घरात, उन्हात, सावलीत. आणि एका रविवारी त्यांनी भंडारा उचलला तो कायमचा. आठवड्याच्या आतच देवानं त्यांना नेलं, पण कोरडं नेलं. “पिऊन मेला न्हाय गुंडाप्पा, भंडाऱ्याच्या हातानं गेला,” असं म्हणताना गावातले पिणारेसुद्धा टोपी सारखी करायचे. चंपाषष्ठीच्या जागरणाला हरणाबाईला पुढं बसवायचे, आधी तिला भंडारा लावायचे, मग बाकीच्या बायांना. विधवेला असा मान त्या गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. सत्यभामेच्या बापानं सोयरीक जमवताना चौकशी केली होती. मुलाचे वडील काही घेत होते का? तर मध्यस्थ छातीवर हात ठेवून म्हणाला होता, “निर्व्यसनी गेले.” त्यात एक शब्द खोटा नव्हता. सत्यभामा ब्लाउज शिवता शिवता कधी कधी हे आठवून एकटीच हसायची, आणि मग दातात धरलेली टाचणी काढून ठेवायची, उगाच गिळली जायची.

घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. पित्त होतं. ‘त्यांचं पित्त वाढलंय.’ कचेरीत ते फिल्डवर होते. सोयऱ्यांत त्यांची तब्येत जरा नरम होती. वैष्णवी लहान असताना ‘पप्पा पाण्यात आहेत’ म्हणायची. हा शब्द तिला कुणी दिला देव जाणे, पण तिघांनाही तो बरा वाटला. आणि मागच्या वर्षापासून तर सत्यभामाच आणायची. तो बाहेर प्यायला की गटारीकडेला सापडायचा, त्यापेक्षा घरात बरा, असा हिशेब. पिशवीत खाली क्वार्टर, तिच्यावर मेथीची जुडी. दुकानदार तिला ताई म्हणायचा, कागदात गुंडाळून द्यायचा, आणि सुट्टे नसले की चॉकलेट द्यायचा. ते चॉकलेट ती घरी येता येता खायची. दिवसातली तेवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. सोमवारी संध्याकाळी धाराशिवच्या घरात, राखणीला आलेली सासू टीव्हीपुढं, नवरा पडलेला, तेव्हा सत्यभामेचा हात आपोआप खुंटीवरच्या पिशवीकडं गेला. तिला बाजारात काही काम नव्हतं. ती पिशवी हातात घेऊन उभी राहिली. तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी हवंय, अंगातून ओढ लागलीय, आणि जे हवंय ते आपण आयुष्यात चाखलेलं नाही. रात्री झोप आली नाही. शेजारी घोरणं नव्हतं. इतकी वर्षं ज्या घोरण्याला ती शिव्या देत होती ते नाही म्हटल्यावर घर एवढं मोठं झालं की कूस बदलायची भीती वाटली. न प्यायलेला रामकिसन पाठ करून जागाच होता, तीही जागीच होती, आणि दोघांनीही एकमेकांना ‘झोपला का?’ म्हणून विचारलं नाही.

“रामकिसन कोण?” कंपाउंडर मुलीनं विचारलं. तिघंही उठली.

डॉक्टर मोनिका वयानं त्यांच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी वाटत होती, पण केसांत एक पांढरी बट होती आणि ती तिनं झाकली नव्हती, त्यामुळं सत्यभामेला तिचा विश्वास वाटला. डॉक्टरनं आधी काही विचारलंच नाही. रामकिसनला दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं पसरायला लावली, त्याच्याकडं बघत राहिली. नाडी धरली. कपाळाला हात लावला. “घाम किती येतोय,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. मग म्हणाली, “किती घेत होता?”

“थोडीफार,” रामकिसन म्हणाला.

“बीपी बघा बीपी,” हरणाबाई म्हणाली.

डॉक्टरनं सत्यभामेकडं पाहिलं. सत्यभामेनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. “रोज,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यापासून. वैष्णवी दुसरीत होती तेव्हापासून रोज. एक दिवस चुकला नाही.” हे वाक्य तिनं मोठ्यानं म्हटल्यावर तिलाच ते दुसऱ्या बाईचं वाटलं. रामकिसननं मान खाली घातली. हरणाबाईनं सुनेकडं असं पाहिलं, जसं देवळात चपला घालून शिरलेल्याकडं बघावं.

“आणि बंद कधी केली?”

“रविवारी. एका दणक्यात,” हरणाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज मोठा झाला. “भंडारा उचललाय. दोन दिस झाले, थेंब न्हाय. ह्याचा बाप बी असाच सुटला व्हता.”

“वडीलही घेत होते? कशानं गेले ते?”

“देवानं नेलं.”

“सोडल्यावर किती दिवसांनी?”

हरणाबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला. “तवाचं कोण मोजतंय बाई,” ती म्हणाली. सत्यभामेनं चमकून सासूकडं पाहिलं. आठवड्याच्या आत, हे तर गावातल्या पोराटोरांना पाठ होतं. ते तर त्या कथेचं शिखर होतं. हरणाबाईनं ते गाळलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. बाहेर फक्त पाण्याची टाकी होती.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडं, रामकिसनच्या गुडघ्यासमोर येऊन बसली. “भाऊ, नीट ऐका. तुम्ही सोडलीत हे फार चांगलं केलंत. पण अशी अचानक सोडायची नसते. मेंदूत शांत करणारी काही कुलपं असतात आणि चेतवणारी काही असतात. दारू शांत करणाऱ्या कुलपाला किल्लीसारखी लागते. रोज रोज, वर्षानुवर्षं बाहेरून शांतता यायला लागली की मेंदू म्हणतो, मग माझी कशाला? पेशीच्या आत सगळं काही लिहिलेलं असतं, आई-बापाकडून आलेलं. पण पेशी सगळी पानं सारखी वाचत नाही. दारू चालू असली की ती काही पानं कमी वाचायला लागते, काही जास्त. त्यानं कुलपंच बदलतात. शांत करणारी अर्धवट होतात, चेतवणारी वाढतात. दारू आहे तोवर तोल राहतो. तुम्ही रविवारी दारू काढून घेतलीत. कुलपं मात्र अजून तशीच आहेत. त्यांना परतायला वेळ लागतो.”

“म्हंजे डोकं बिघडलंय?” हरणाबाईनं विचारलं.

“बिघडलं नाही आजी. दारूला जुळवून घेतलं त्यानं.” डॉक्टर पुन्हा रामकिसनकडं वळली. “हे प्रत्येकात सारखं होत नाही. कुणी एवढीच पिऊन सोडतो आणि आठ दिवस झोप उडते, बास. कुणाला झटके येतात, भास होतात, ताप चढतो, जीव जातो. असं का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. मी बंगळूरला शिकत असताना आम्ही मेलेल्या माणसांच्या मेंदूचे बारीक काप तपासायचो. पिणाऱ्यांचे वेगळे, न पिणाऱ्यांचे वेगळे. त्यात हा फरक दिसायचा, पण तोही सगळ्यांत एकसारखा नसायचा. काही भाग माणूस जन्मालाच घेऊन येतो. म्हणून वडलांचं विचारलं.”

सत्यभामा ऐकत होती, पण मधेच कुठंतरी तिचं ऐकणं वाट सोडून निघून गेलं. पेशी काही पानं कमी वाचते. तिच्या डोळ्यांपुढं मेंदूचे काप आले नाहीत, तिचं स्वतःचं घर आलं. ती लग्न होऊन आली तेव्हा शिवता शिवता गाणं म्हणायची. कधी बंद झालं? कुणी बंद कर म्हणालं नव्हतं. ते पान हळूहळू वाचायचंच राहिलं. डाव्या कुशीवर झोपायची, ती उजव्या कुशीवर झोपायला लागली, कारण दार उजवीकडं होतं. कान मोठे झाले. ओट्यापाशी उभी असली तरी रस्त्यावरच्या पावलांतून एक पाऊल वेगळं काढता यायला लागलं. आणि सांत्वन करायला येणाऱ्या माणसाला आधीच हसून चहा विचारायचा, म्हणजे तो विषय काढत नाही, ही कला तर तिला कुणी शिकवलीच नव्हती. तिच्या सगळ्या शरीरानं त्याच्या दारूला जुळवून घेतलं होतं. ती मेल्यावर तिच्या मेंदूचे काप काढले तर त्यातही हेच दिसेल काय? न पिणारी, तरी फरक सापडला, असं. आणि वैष्णवी? पोरीची झोप लहानपणापासून सावध. डब्यावर झाकण पडलं तरी उठून बसायची. ते बापाकडून आलेलं, आजोबाकडून आलेलं, की उंबऱ्यात पडणाऱ्या चपलांकडून? विचारावं असं तिला वाटलं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर ‘अजून पूर्ण कळलेलं नाही’ असं येणार, तो विचारून घरी न्यायला तिच्याकडं जागा नव्हती.

“ही गोळी आत्ता घ्या,” डॉक्टर म्हणत होती. “मग मी बेडसाठी फोन करते. चार-सहा दिवस ॲडमिट व्हायचं. हळूहळू गोळी कमी करत न्यायची.”

“ही कशाची?” रामकिसननं विचारलं.

इथं डॉक्टर खरं बोलली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं सत्यभामेला नंतर वाटलं, पण त्या पांढऱ्या बटेच्या बाईला ते जमलं नसतं. “ज्या कुलपाला दारू लागायची, त्याच कुलपावर ही काम करते. म्हणून तर मेंदूला एकदम धक्का बसत नाही.”

“म्हणजे त्याच जागी लागते.”

“हो, पण ही औषध आहे, मोजून...”

“मग ती दारूच की मॅडम,” रामकिसन म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, पण चेहरा रविवारसारखाच, भरून आलेला आणि ठाम. “गोळीच्या रूपातली. मी काय बोललोय देवापुढं? नशेची कुठलीबी वस्तू. माझा हात कुणाच्या डोक्यावर होता? मला काय व्हायचं ते होऊ द्या. पोरीला काय झालं तर?” कचेरीत सतरा वर्षं नियमावर बोट ठेवून लोकांना परत पाठवलेला माणूस होता तो. स्वतःच्या शब्दातली पळवाट त्याला दिसत नव्हती असं नाही, पण ती धरायची नाही असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं.

“खरं हाय,” हरणाबाई म्हणाली, पण तिच्या म्हणण्यात मघाचा जोर नव्हता.

डॉक्टरनं समजावलं, रागावली, हात जोडले. मग गोळी सत्यभामेच्या तळहातावर ठेवली. “शुद्धीत आहेत आणि नको म्हणतायत. मी तोंड उघडून घालू शकत नाही. बाहेर बसा, पाच-दहा मिनिटं. मी फोन लावतेच. तुम्ही बघा ताई. झटका यायच्या आत पोटात जायला पाहिजे ही.” आणि जाता जाता हळू आवाजात, “ह्यांना आता वेगळंच काही दिसायला लागेल. किडे, मुंग्या, माणसं. तसं दिसलं की थांबू नका, मला हाक मारा.”

पुन्हा तेच बाकडं. ह्या वेळी सत्यभामा नवऱ्याशेजारी बसली, पलीकडून हरणाबाई, पुन्हा त्याचं डावं मनगट धरून. समोरच्या खुर्चीवरचा माणूस उठून आत गेला. मुठीतली गोळी घामानं ओली होत होती, म्हणून सत्यभामेनं मूठ सैल केली. “अहो,” ती म्हणाली, “वैष्णवीचा फोन लावू का? ती सांगेल तुम्हाला, घ्या म्हणून.” तो म्हणाला, “तिच्याकडून पाप करून घेतेस?” तिनं मूठ पुन्हा मिटली. त्याच्या कानामागून घाम वाहत मानेत जात होता. त्या कानामागं एक तीळ होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिला तो सापडला होता आणि नंतर ती विसरून गेली होती. तो अजून तिथंच होता. तिला एकदम रडू आलं, तिळासाठी. हा माणूस आज गेला तर तो कोरडा जाईल. लोक टोपी सारखी करतील. तिला जागरणात पुढं बसवतील, सासूच्या शेजारी.

रामकिसननं उजवा हात डाव्या बाहीवर नेला आणि चिमटीत काहीतरी पकडलं. ते खाली टाकलं. पुन्हा पकडलं. “मुंग्या बघ किती,” तो हळूच म्हणाला. “लाल आहेत.” बाही पांढरी होती, तिच्यावर काही नव्हतं. तो मन लावून वेचत होता, मांडीवर टाकत होता, पुन्हा वेचत होता. आणि सत्यभामेला तिच्याही आधीच्या काळातली एक गोष्ट आठवली, जी तिनं चंपाषष्ठीला दरवर्षी ऐकली होती आणि तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी गुंडाप्पा घोंगडीवर बसून देवाचं धान्य निवडत होते. बोटांनी, एक एक दाणा. घोंगडीवर काही नव्हतं, तरी निवडत होते. मग अंगात देव आला. एवढं बळ की तीन गडी धरायला लागले, दातखीळ बसली, डोळे वर गेले, आणि मल्हारीनं उचलून नेलं. वाघ्या ती गोष्ट रंगवून सांगायचा, लोक येळकोट करायचे, हरणाबाई मान खाली घालून बसायची. सगळ्यांना वाटायचं, भरून आलंय.

सत्यभामेनं डॉक्टरच्या दाराकडं पाहिलं. उठून डॉक्टरला हाक मारायला हवी होती, आणि ती उठू शकत नव्हती. हाक मारून काय होणार? गोळी तोंडाशी नेली की हा दात आवळणार. हा आवळतोय तो बापावर विसंबून. त्याला सांगायला हवं की तुझ्या बापाला देवानं नेलं नाही. पण ते त्याच्या आईपुढं कसं म्हणायचं? ह्या बाईकडं शेरडांशिवाय आणि ह्या गोष्टीशिवाय दुसरं काय होतं? अख्खं विधवापण तिनं ह्या एका मरणावर उभं केलं होतं. त्याखालचा दगड काढला तर ती पडेल. आणि पडली तर सत्यभामा तिला उचलू शकणार नाही, कारण दोघींनी इतक्या वर्षांत एकमेकींना भाजीत मीठ कमी आहे यापलीकडं काही खरं सांगितलं नव्हतं. न सांगताच हा गेला तर? दोन बायका एका ओळीत बसतील, दोघींच्या कपाळाला भंडारा, आणि दोघींनाही माहीत असेल. “आत्याबाई,” ती म्हणाली. “मामंजी जे धान्य...”

सत्यभामेनं वाकून हरणाबाईकडं पाहिलं. सासू मुलाच्या तोंडाकडं बघत नव्हती, त्याच्या बोटांकडं बघत होती. बोटं चिमटी करत होती, सोडत होती. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नवीन काही दिसल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा तो नव्हता. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं, ज्याला इतकी वर्षं चुकवलं ते समोरूनच यावं, तसा होता. आणि सत्यभामेला कळलं की त्या बाईखाली दगड नव्हताच कधी. ती इतकी वर्षं अधांतरीच बसून होती, एकटी, सगळ्यांच्या पुढं.

“आण ती गोळी,” हरणाबाई म्हणाली.

सत्यभामेनं मूठ उघडली. हरणाबाईनं गोळी उचलली आणि मुलाचं मनगट सोडून त्याची हनुवटी धरली, आपल्याकडं वळवली.

“राम्या. हिकडं बघ. मुंग्या ऱ्हाऊ दे.”

“माय, भंडारा हाय,” तो म्हणाला. दात एकमेकांवर वाजत होते. “अप्पानं पाळला. मी बी पाळतो.”

“त्यानं न्हाय पाळला. म्या पाळायला लावला.” हरणाबाईचा आवाज इतका साधा होता की शेजारचं कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं बाई शेरडांबद्दल बोलतेय. “असंच येचत व्हता. घोटभर दे म्हणला, हरणे, मरतो म्हणला. पाया पडला माझ्या. घरात व्हती बाटली, म्या कणगीत लपीवली व्हती. दिली न्हाय. लोक भाईर बसले व्हते, देव आला देव आला करीत. धरणारे गडी दमून भाईर आले तशी म्या खोपीच्या दाराला कडी लावली, अन् आतून त्यो दार वाजवीत ऱ्हायला. मंग वाजायचं थांबलं.”

“माय, गप बस.”

“गपच हाय की तवापासनं. शपथ म्या घातली तुला, पाप माझ्या डोक्यावर, पोरीच्या न्हाय. तोंड उघड.” तिनं गोळी त्याच्या ओठांना लावली. ओठ थरथरत होते, पण आता आवळलेले नव्हते. “तुझ्या बापाला दारूनं मारलं न्हाय, राम्या, अन् देवानं बी नेलं न्हाय. एका दणक्यात तोडली म्हणून मेला त्यो. अन् तोडणारी मी व्हते.”